'शोभणे' आणि चांगुलपणा : प्रारंभिक कन्फ्यूशियन विचार व मराठी सौंदर्यविचार

सारांश :
सौंदर्य आणि नैतिक चांगुलपणा यांचे नाते कोणते, हा प्रश्न मराठी सौंदर्यविचारात प्रामुख्याने 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' या वादाच्या रूपाने मांडला गेला. या मांडणीत सौंदर्य एक तर नीतीपासून स्वतंत्र ठरते, नाही तर नीतीचे साधन ठरते. प्राचीन चीनमधील कन्फ्यूशियस, मेन्शियस व शुन्झी या विचारवंतांनी या दोहोंहून वेगळी भूमिका घेतली. चांगुलपणा पूर्णत्वाला गेला की तो सुंदर रूपात प्रकट होतो, असे त्यांच्या विवेचनाचे सार सांगता येईल. मराठी बोलीतील 'शोभणे' या क्रियापदात आणि तेर येथील संत गोरा कुंभार यांच्या कथेत या भूमिकेशी जुळणारा विचार आढळतो. प्रस्तुत लेखात या साम्याचा आणि त्यातील धोक्याचाही परामर्श घेतला आहे.

बीजशब्द : सौंदर्य, चांगुलपणा, शोभणे, ली, रेन, औचित्य, कच्चे-पक्के, मराठी सौंदर्यशास्त्र

प्रस्तावना :
मराठी माणूस एखाद्याच्या वर्तनाला नावे ठेवतो तेव्हा पुष्कळदा तो नीतिशास्त्राचा शब्द वापरीत नाही. 'हे तुला शोभत नाही' एवढेच तो म्हणतो. वास्तविक शोभणे हे क्रियापद वस्त्राला, दागिन्याला, रंगाला लागणारे. पण तेच वागण्यालाही लागते. 'नीट' हा शब्द अक्षराच्या वळणाविषयी येतो, तसाच वागणुकीविषयीही येतो. 'चांगले' हे विशेषण गाण्याला, जेवणाला आणि माणसाला सारखेच लावले जाते. बोलीने ज्या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या, त्या विद्यापीठीय अभ्यासक्रमाने मात्र वेगळ्या केल्या. सौंदर्यशास्त्र आणि नीतिशास्त्र या तत्त्वज्ञानाच्या दोन स्वतंत्र शाखा मानल्या जातात व त्यांचे प्रश्नही स्वतंत्रपणे चर्चिले जातात.

बोलीतील हे एकत्रीकरण केवळ शब्दांचा सैल वापर आहे की त्यामागे काही विचार आहे, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. याच प्रश्नाचा सखोल विचार इ.स.पू. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तिसऱ्या शतकापर्यंत चीनमध्ये झाला. कन्फ्यूशियस (इ.स.पू. 551-479), चौथ्या शतकातील मेन्शियस आणि तिसऱ्या शतकातील शुन्झी हे त्या परंपरेचे तीन आद्य विचारवंत होत. भारतीय वाचकाला त्यांचा परिचय बहुधा 'शिष्टाचार सांगणारे' एवढ्यापुरताच असतो. परंतु शिष्टाचाराला त्यांनी एवढे महत्त्व का दिले, हे समजून घ्यावयाचे तर सौंदर्याविषयीची त्यांची धारणा पाहावी लागते.

उद्दिष्टे :
1. प्रारंभिक कन्फ्यूशियन विचारातील सौंदर्य व चांगुलपणा यांचे नाते स्पष्ट करणे.
2. या नात्याच्या प्रकाशात मराठी सौंदर्यविचारातील प्रमुख भूमिकांचा आढावा घेणे.
3. 'शोभणे' या कल्पनेचे सामर्थ्य आणि तिच्या मर्यादा तपासणे.

1. दोन संगीते, दोन निकष :
चिनी भाषेत सुंदर या अर्थी 'मेइ' आणि चांगले या अर्थी 'शान' असे दोन शब्द आहेत. दोन्हींच्या लिपिचिन्हांत मेंढीचे चिन्ह सामावलेले आहे. इ.स. 100 च्या सुमारास शू शेन याने सिद्ध केलेल्या प्राचीन कोशात या दोन शब्दांच्या अर्थसाम्याची नोंदही आढळते. एवढ्यावरून प्राचीन चिनी माणसाला सौंदर्य आणि चांगुलपणा एकच वाटत होते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो घाईचा ठरेल. कारण खुद्द कन्फ्यूशियसने हे दोन शब्द काळजीपूर्वक वेगळे ठेवले आहेत.

'लुन-यू' या त्याच्या संवादसंग्रहातील तिसऱ्या प्रकरणात दोन संगीतरचनांविषयी त्याचा अभिप्राय नोंदविलेला आहे. 'शाओ' ही रचना पौराणिक सम्राट शुन याच्या नावाशी निगडित होती, तर 'वू' ही चौ घराण्याचा संस्थापक वू राजा याच्या नावाशी. शाओ पूर्णपणे सुंदर आहे आणि पूर्णपणे चांगलीही आहे. वू पूर्णपणे सुंदर आहे, परंतु पूर्णपणे चांगली नाही, असा तो अभिप्राय आहे. परंपरागत भाष्यकारांनी याचे कारण सांगितले ते असे : शुनला सिंहासन सद्‌गुणामुळे मिळाले, तर वू राजाने ते युद्धाने मिळविले. त्या विजयाची छाया त्याच्या संगीतावरही पडली.

या छोट्याशा अभिप्रायात तीन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली गोष्ट अशी की, चांगुलपणात उणे असलेल्या रचनेला कन्फ्यूशियस कुरूप म्हणत नाही. तिचे सौंदर्य तो पूर्णत्वाने मान्य करतो. दुसरी गोष्ट अशी की, सौंदर्य मान्य केल्यावर तो थांबत नाही. दुसरा निकष लावण्याचा अधिकार तो सोडत नाही. तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. चौ घराण्याच्या संस्कृतीविषयी कन्फ्यूशियसला नितांत आदर होता. तरीही त्या घराण्याच्या संस्थापकाच्या गौरवगीताला त्याने पैकीच्या पैकी गुण दिले नाहीत. शाओ ऐकल्यानंतर मात्र तीन महिने त्याला मांसाची चव कळली नाही, अशी आठवण त्याच ग्रंथात नोंदविलेली आहे. सौंदर्य आणि चांगुलपणा यांचा संयोग त्याला किती दुर्मीळ व किती ओढ लावणारा वाटत होता, याची ही साक्ष होय.

2. रूप आणि मूळ घडण :
संगीताविषयीचा हाच विचार कन्फ्यूशियस माणसाकडे वळवितो. माणसाची मूळ घडण एक आणि संस्काराने तिला आलेले रूप दुसरे. या रूपाला तो 'वेन' म्हणतो. मूळ घडण वरचढ झाली तर माणूस रांगडा राहतो. वेन वरचढ झाले तर तो केवळ दप्तरातील कारकुनासारखा सफाईदार बनतो. दोहोंचा मेळ बसला तरच तो सज्जन ठरतो. त्याचा शिष्य झिगोंग याने हीच गोष्ट कातड्याच्या दृष्टान्ताने सांगितली आहे. केस काढून टाकलेले वाघाचे कातडे आणि कुत्र्याचे कातडे यांत फरक तो काय उरणार? वाघाचे वाघपण दिसते ते त्याच्या पट्ट्यांतून. रूप वजा केले की गुणही ओळखू येईनासा होतो.

'ली' म्हणजे विधी, मर्यादा व शिष्टाचार यांची व्यवस्था. ली हे या रूपाचे सर्वांत व्यापक क्षेत्र होय. अभिवादन कसे करावे, शोक कसा पाळावा, पाहुण्याला काय द्यावे, या सर्वांना ली आकार देते. परंतु हा आकार पोकळ असू शकतो, याची कन्फ्यूशियसला पूर्ण जाणीव होती. ली म्हणजे केवळ रत्ने आणि रेशीम का, संगीत म्हणजे केवळ घंटा आणि नगारे का, असा प्रश्न त्याने उपरोधाने विचारला आहे. ज्याच्या ठायी 'रेन' म्हणजे माणुसकी नाही, त्याला ली आणि संगीत यांचा काय उपयोग, असेही त्याने म्हटले आहे. तात्पर्य, रूपाला तो अनिवार्य मानतो. पण त्याच्या मुळाशी माणुसकी असावी लागते.

3. मेन्शियस : भरलेपण म्हणजे सौंदर्य :
मेन्शियसने या नात्याची पायरीवार मांडणी केली आहे. एका शिष्याच्या योग्यतेविषयी बोलताना तो माणसाच्या विकासाच्या सहा अवस्था सांगतो. जे हवेहवेसे वाटते ते चांगले. ते स्वतःच्या ठायी खरोखर असणे ही दुसरी अवस्था. ते काठोकाठ भरणे म्हणजे सौंदर्य. ते भरून बाहेर प्रकाशू लागणे म्हणजे महानता. त्यापुढे इतरांना पालटून टाकणारे संतत्व आणि शेवटी जाणिवेच्या पलीकडचे दिव्यत्व येते.

येथे सौंदर्य हे चांगुलपणाच्या पुढची पायरी आहे, ही गोष्ट वाचकाने विशेष लक्षात घ्यावी. सर्वसाधारण समजुतीनुसार सौंदर्य आधी भेटते आणि चांगुलपणा हा त्याच्यावर कसण्याचा गंभीर निकष असतो. मेन्शियसने हा क्रम बदलला. चांगुलपणा थोडा असेल तेव्हा तो प्रयत्नपूर्वक करावा लागतो व तो प्रयत्न दिसतो. तो भरून आला की माणसाच्या बोलण्यात, चालण्यात, नजरेत तो सहज उतरतो. हे सहज उतरणे म्हणजेच सौंदर्य. दान देताना घेणाऱ्याला ओशाळे वाटू न देणारा हात येथे उदाहरणादाखल घेता येईल. त्या हाताच्या कृतीत चांगुलपणा कोठे संपला आणि सौंदर्य कोठे सुरू झाले, हे वेगळे काढून दाखविणे अशक्य आहे.

नैतिक गोष्टी मनाला आनंद देतात, असेही मेन्शियस म्हणतो. जिभेच्या आवडीत, कानांच्या आवडीत, डोळ्यांच्या आवडीत माणसामाणसांत साम्य असते. मग मनाच्या आवडीतच ते का नसावे? उत्तम मांस जिभेला रुचते, तसे न्याय्य आचरण मनाला रुचते. नीती ही कर्तव्याचा बोजा म्हणून न येता रुची म्हणून येऊ शकते, हा या विचाराचा गाभा आहे.

4. शुन्झीचा कुंभार आणि तेरचे गोरोबाकाका :
शुन्झीला मेन्शियसचा हा आशावाद मान्य नव्हता. माणसाचा मूळ स्वभाव चांगला नसून चांगुलपणा परिश्रमाने घडवावा लागतो, असे त्याचे प्रतिपादन होते. यासाठी त्याने कुंभाराचा दृष्टान्त दिला. कुंभार माती मळून भांडे करतो. भांडे जन्मते ते कुंभाराच्या कौशल्यातून. मातीच्या स्वभावात ते आधीच नसते. त्याचप्रमाणे ली आणि न्याय्यता या ज्ञात्या पुरुषांनी परिश्रमाने घडविलेल्या गोष्टी आहेत. मात्र मूळ स्वभाव नसेल तर परिश्रमाला कामच उरणार नाही आणि परिश्रम नसतील तर स्वभाव स्वतःहून सुंदर होणार नाही, असेही शुन्झी सांगतो. सज्जनाचे शिक्षण त्याचे स्वतःचे व्यक्तित्व सुंदर करण्यासाठी असते, ही त्याची भूमिका आहे. संगीतावरील खर्च ही प्रजेची लूट आहे, असा आक्षेप मोझी या विचारवंताने घेतला होता. त्याला शुन्झीने संगीतावरील स्वतंत्र प्रकरणात उत्तर दिले. आनंद ही माणसाची गरज आहे. ती दडपता येत नाही, तिला वळण द्यावे लागते, असे ते उत्तर आहे.

शुन्झीचा हा कुंभार धाराशिव जिल्ह्यातील वाचकाला परका वाटणार नाही. तेरणाकाठचे तेर हे संत गोरा कुंभार यांचे गाव. त्यांची समाधी तेथेच आहे. तेराव्या-चौदाव्या शतकाच्या संधिकाळातील या संतांना वारकरी परंपरेत 'गोरोबाकाका' म्हणून गौरविले जाते. त्यांच्याविषयी सांगितली जाणारी एक कथा सर्वपरिचित आहे. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंनी थापटण्याकडे बोट दाखवून ते कशासाठी आहे, असे विचारले. मडके कच्चे की पक्के हे याने कळते, असे गोरोबांनी सांगितले. मग जमलेल्या संतांची डोकीही तशीच पारखावीत, असे ठरले. इतर संत शांत राहिले. नामदेव मात्र रागावले. गोरोबांनी त्यांचे मडके कच्चे असल्याचा निर्णय दिला. पुढे नामदेव औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांना शरण गेले, असे परंपरा सांगते.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या कथेतील निकष महत्त्वाचा आहे. नामदेवांच्या भक्तीविषयी कोणाला शंका नव्हती. मेन्शियसच्या भाषेत सांगायचे तर चांगुलपणा त्यांच्या ठायी होता. तो भरून पक्का व्हायचा होता. आणि हे कशावरून ओळखले? मतांवरून किंवा पठणावरून नव्हे. अनपेक्षित आघाताला दिलेल्या प्रतिसादावरून, म्हणजे वर्तनाच्या रूपावरून ओळखले. पक्के मडके ज्या नादाने ओळखले जाते, तो नाद ऐकू येतो, पण त्याचे कारण आत असते. अंतरंगाची पारख बाह्य रूपावरून करण्याची ही पद्धत कन्फ्यूशियन विचाराला अत्यंत जवळची आहे. दोन्ही परंपरांचा एकमेकींशी संबंध आला होता असे येथे सुचवायचे नाही. एकाच मानवी अनुभवाला दोन ठिकाणी कुंभारकामाचीच भाषा सापडली, एवढेच नमूद करावयाचे आहे. दोहोंत भेदही आहे. शुन्झीचा भर घडविण्यावर आहे, तर गोरोबांच्या कथेचा भर भाजण्यावर आहे. आकार चाकावर मिळतो. टिकाऊपणा मात्र आव्यातून निघाल्यावरच येतो.

5. मराठी सौंदर्यविचारातील मांडणी :
आधुनिक मराठी साहित्यविचारात हा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. ना. सी. फडके यांनी 'प्रतिभासाधन' (1931) व इतर लेखनातून कलेचे प्रयोजन आनंद हेच असल्याची भूमिका मांडली. वि. स. खांडेकर यांनी साहित्याची बांधिलकी जीवनाशी व ध्येयवादाशी मानली. साने गुरुजींनी टॉल्स्टॉयचा कलाविषयक ग्रंथ 'कला म्हणजे काय?' या नावाने मराठीत आणला आणि कलेच्या नैतिक जबाबदारीचा पक्ष बळकट केला. बा. सी. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (1955) या ग्रंथात संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांच्या आधारे सौंदर्याचे स्वायत्त स्वरूप सांगितले. या मांडणीमुळे कलाकृतीची चर्चा बोधाच्या जाचातून मोकळी झाली, हे तिचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

रा. भा. पाटणकर यांनी 'सौंदर्यमीमांसा' (1974) या ग्रंथात या दोन्ही प्रवृत्तींचा लौकिकतावाद व अलौकिकतावाद अशा दोन ध्रुवांच्या रूपाने विचार केला. त्यांच्या विवेचनात कांटला मध्यवर्ती स्थान आहे. विशेष म्हणजे सौंदर्यनिर्णयाला नीतीपासून सर्वाधिक काटेकोरपणे वेगळे करणाऱ्या कांटनेच 1790 मधील आपल्या ग्रंथात सौंदर्याला नैतिक चांगुलपणाचे प्रतीक म्हटले आहे. म्हणजे वेगळेपणा सिद्ध केल्यानंतरही नाते उरतेच.

मराठीतील हा वाद मुख्यतः कलाकृतीपुरता राहिला. कादंबरीने बोध करावा की नाही, कवितेत विचार असावा की नाही, हे त्याचे प्रश्न होते. कन्फ्यूशियन विचारात सौंदर्याचे आद्य क्षेत्र माणसाचे वर्तन हे आहे. संगीत व काव्य त्या वर्तनाची घडण करतात. म्हणूनच तेथे 'कला की जीवन' असा पर्याय उभा राहात नाही. मराठीत या क्षेत्राची जाणीव साहित्यशास्त्रापेक्षा बोलीने अधिक जपली आहे. संस्कृत साहित्यशास्त्रात अकराव्या शतकातील क्षेमेंद्राने औचित्याला रसाचे जीवित मानले. 'शोभणे' हे जणू त्या औचित्याचे घरगुती रूप आहे. प्रसंग, व्यक्ती आणि कृती यांचा मेळ बसला की ती कृती शोभते.

6. 'शोभणे' कोणी ठरवायचे? :
या कल्पनेचा गौरव करताना तिची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. 'तुला हे शोभत नाही' हे वाक्य अप्रामाणिक माणसाला जसे ऐकविले गेले, तसेच ते शिकू पाहणाऱ्या मुलीला आणि नवे वस्त्र नेसणाऱ्या दलितालाही ऐकविले गेले. येथे शोभणे म्हणजे नेमून दिलेल्या पायरीवर राहणे. कन्फ्यूशियन ली-व्यवस्थाही उच्चनीचतेने बांधलेली होती आणि पुढील काळात तिचा उपयोग सत्ताधाऱ्यांनी आज्ञाधारकपणा रुजविण्यासाठी केला. चांगुलपणाची पारख रूपावरून करायची म्हटले की रूपाचे नियम ज्यांच्या हाती, त्यांच्याच हाती चांगुलपणाचे प्रमाणपत्रही जाते.

शरणकुमार लिंबाळे यांच्या 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (1996) या ग्रंथातील आक्षेपाचे मर्म येथेच आहे. सत्य, शिव व सुंदर या त्रयीचे निकष विषम समाजाने स्वतःच्या सोयीने घडविले असून माणूस, त्याचे स्वातंत्र्य, समता व न्याय हीच मूल्ये अग्रस्थानी असली पाहिजेत, असे ते प्रतिपादन करतात. त्याही आधी कित्येक शतके संत चोखामेळा यांनी वाकड्या उसाच्या प्रतिमेतून वरचे रूप आणि आतला रस यांतील भेद दाखविला होता. रूप वाकडे आहे असे ठरविणारी दृष्टीच त्यांनी प्रश्नांकित केली.

या आक्षेपाला कन्फ्यूशियन परंपरेतून पूर्ण उत्तर मिळत नाही. उत्तराची दिशा मात्र मिळते. वर पाहिल्याप्रमाणे रेनवाचून ली निरर्थक, ही अट कन्फ्यूशियसनेच घातली आहे. 'गुओ-यू' या प्राचीन ग्रंथातील एक प्रसंगही याच दिशेने जातो. चू राज्याच्या लिंग राजाने भव्य प्रासाद बांधून त्याच्या सौंदर्याविषयी मंत्री वू जू याला विचारले. ज्याने वरच्यांचे व खालच्यांचे, जवळच्यांचे व दूरच्यांचे, कोणाचेच अहित होत नाही तेच सुंदर. प्रजेला नागवून डोळ्यांना सुख देणारी वास्तू सुंदर कशी म्हणावी, असे उत्तर त्याने दिले. कन्फ्यूशियसने वू संगीताचे सौंदर्य मान्य करून त्यात चांगुलपणाचे उणे दाखविले. वू जू याने तर सुंदर हा शब्दच नाकारला. दोघांत हा मतभेद असला तरी राजासमोर सौंदर्याचा हिशेब मागण्याचे धैर्य दोघांतही आहे.

महाराष्ट्रात असा हिशेब 1947 साली पंढरपुरात मागितला गेला. विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी त्या वर्षी मे महिन्यात उपोषण केले. विठ्ठलाचे रूप, अभंग, दिंड्या यांच्या सौंदर्याविषयी गुरुजींचे प्रेम वादातीत होते. चोखोबांची समाधी मंदिराच्या महाद्वारासमोर, म्हणजे बाहेरच राहिली होती. ते सौंदर्य पूर्ण होते, चांगुलपणा मात्र पूर्ण नव्हता. सौंदर्य न नाकारता त्यातील उणे भरून काढण्यासाठी प्राण पणाला लावणे, ही शाओ-वू भेदाची मराठी भूमीवरील कृतिरूप मांडणी म्हणता येईल.

निष्कर्ष :
1. प्रारंभिक कन्फ्यूशियन विचारात सौंदर्य व चांगुलपणा एकरूप नाहीत आणि परस्परांपासून तुटलेलेही नाहीत. सुंदर गोष्ट चांगुलपणात उणी असू शकते, हे कन्फ्यूशियस मान्य करतो.
2. मेन्शियसच्या मते सौंदर्य हे चांगुलपणाचे भरलेपण आहे, तर शुन्झीच्या मते ते परिश्रमाने मिळविलेले वळण आहे. गोरोबाकाकांच्या कथेतील कच्चे-पक्केपणाचा निकष या दोहोंशी संवादी आहे.
3. मराठी साहित्यविचारातील कलावाद-जीवनवाद हा संघर्ष कलाकृतीपुरता राहिला. वर्तनाचे सौंदर्य हे क्षेत्र 'शोभणे' या बोलीतील कल्पनेने सांभाळले.
4. 'शोभणे' हा निकष रूढीच्या हाती गेला की तो अन्यायाचे हत्यार बनतो. म्हणून रूपाची पारख माणुसकीने करावी लागते. माणुसकीची पारख रूढ रूपाने करणे घातक ठरते.
5. महाविद्यालयीन अध्यापनात साहित्य, संगीत व शिष्टाचार यांना शोभेचे विषय मानण्याची प्रवृत्ती आढळते. विद्यार्थ्याला काय शोभते हे सांगण्याचा अधिकार अध्यापक दररोज वापरीत असतो. तो वापरताना आपण त्या विद्यार्थ्याच्या माणूसपणाला वळण देत आहोत की त्याला त्याची पायरी दाखवीत आहोत, याचा विवेक राखणे हे या विवेचनातून निष्पन्न होणारे कर्तव्य होय.